जिताडा: खाडीतल्या शिकारी माशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडीकाठी गळ टाकणारी पोरं, गावतळ्यात पिल्लं सोडणारे शेतकरी आणि बाजारात ‘हा जिताडाच ना नक्की?’ म्हणून गालफडं उघडून बघणारे खवय्ये, सगळ्यांच्या प्रश्नांचं मूळ एकच असतं. हा मासा राहतो कुठे आणि वाढतो कसा? रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारजमिनीच्या पट्ट्यात, जिताड्याबद्दल बोलणारे खूप भेटतात, पण ते बहुतेक चवीबद्दल आणि भावाबद्दल बोलतात. त्याच्या जगण्याबद्दल कमी बोललं जातं, म्हणून हे लिहिलं आहे.

जिताडा म्हणजे नेमका कोणता मासा?

शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर. मार्कस ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने १७९० मध्ये त्याचं वर्णन केलं. अलिबाग, पेण, पनवेलकडे त्याला जिताडा म्हणतात, किनाऱ्यावर काही ठिकाणी खजुरा म्हणतात, गोव्यात तो चोणक होतो, बंगालमध्ये भेटकी आणि तमिळनाडूत कोडुवा. हॉटेलच्या मेनूवर ‘एशियन सी बास’ किंवा ‘बारामुंडी’ लिहिलेलं असलं तरी मासा हाच. बारामुंडी हे नाव ऑस्ट्रेलियातलं. तिथे गळाने मासे पकडणाऱ्यांमध्ये याच्याइतका मान क्वचितच दुसऱ्या माशाला असेल.

इराणच्या आखातापासून भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया करत पापुआ न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत याची वस्ती आहे. २०१६ मध्ये जिताड्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा भारताकडचे, आग्नेय आशियातले आणि ऑस्ट्रेलियाकडचे जिताडे हे तीन स्पष्ट वेगळे गट असल्याचं दिसलं. हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण आपल्या वाचनात येणारी बरीचशी माहिती ऑस्ट्रेलियातल्या नद्यांवरच्या अभ्यासातली असते. माशाचा स्वभाव तोच, पण वय, आकार आणि महिने जसेच्या तसे कोकणाला लावू नयेत.

ओळखायचा कसा?

डोक्यावरून बघा. तोंडापासून पाठीकडे जाताना कपाळ खोलगट होतं आणि मग पाठ एकदम वर चढते. जबडा मोठा, डोळ्याच्याही मागे जाणारा. शेपटी गोलसर, रावसासारखी दुभंगलेली नाही. खवले मोठे आणि घट्ट. गालफडाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि एक टोकदार काटा असतो. नवख्या माणसाचा हात तिथेच कापतो.

रंगावर जाऊ नका. खाऱ्या पाण्यातला जिताडा चंदेरी दिसतो, गोड्या किंवा गढूळ पाण्यातला काळपट सोनेरी. एकच मासा पाणी बदललं की रंग बदलतो, त्यामुळे ‘काळा जिताडा वेगळ्या जातीचा’ ही समजूत चुकीची आहे.

रात्री बॅटरी मारली की त्याचे डोळे लाल का चमकतात?

डोळ्याच्या आत प्रकाश परत फेकणारा थर असतो. अंधुक, गढूळ पाण्यात आणि रात्री शिकार करणाऱ्या माशाला त्याचा उपयोग होतो. खाडीतला अनुभवी माणूस पाण्यात लाल ठिपका दिसला की जिताडा ओळखतो.

हा नदीतला मासा की समुद्रातला?

दोन्हीकडचा, आणि त्यातच त्याची सगळी गोष्ट आहे.

पाला मासा, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत वर चढतो. जिताड्याचं बरोबर उलटं. तो वाढतो खाडीच्या वरच्या अंगाला, निमखाऱ्या किंवा गोड्या पाण्यात, आणि वयात आला की अंडी घालण्यासाठी खाली, नदीच्या मुखाकडे आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या पाण्यात येतो. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा कोकणातल्या खाड्या त्याला सोयीच्या आहेत, कारण सह्याद्रीतून उतरणारं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी इथे फार थोड्या अंतरात एकमेकांना भेटतं.

पण प्रत्येक जिताडा हा पूर्ण फेरा करतोच असं नाही. माशाच्या कानात एक छोटा चुनखडीसारखा खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यावर वर्षावर्षाची वळी चढतात आणि त्या त्या काळात मासा कोणत्या पाण्यात होता याची रासायनिक खूण त्यात राहते. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त असतं, नदीच्या पाण्यात साधारणपणे कमी. असे खडे तपासल्यावर कळलं की काही जिताडे आयुष्यभर खाऱ्या पाण्यातच राहतात, काही अनेक वर्षं नदीत काढतात, काही ये-जा करतात. एकाच खाडीत हे तिन्ही प्रकार असू शकतात. मला हे फार मोलाचं वाटतं. एखाद्या वर्षी नदी आटली तरी खाडीतले वाचतात, खाडीत विष मिसळलं तरी वर गेलेले वाचतात. मात्र त्यासाठी नदी आणि खाडी यांच्यातली वाट उघडी असायला हवी.

अंडी कधी आणि कुठे घालतो?

भारतात पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात. ऑस्ट्रेलियात साधारण सप्टेंबर ते मार्च, म्हणजे तिकडचा उन्हाळा आणि पावसाळा. दोन्हीकडे हिशेब एकच आहे. पिल्लं बाहेर पडतील तेव्हा सखल जमिनी पाण्याखाली गेलेल्या असाव्यात आणि तिथे बारीक खाद्य भरपूर असावं.

जागा नदीच्या मुखाजवळची, जिथे पाणी जवळपास समुद्राइतकं खारं असतं. वेळ बहुतेक अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची, संध्याकाळ ते रात्र, भरतीचं पाणी चढताना. एक मादी आणि सोबत एक किंवा अधिक नर पाण्यात अंडी आणि शुक्र सोडतात. घरटं नाही, राखण नाही. अंडं पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं आणि खाऱ्या पाण्यात तरंगतं. उधाणाच्या दिवशी भरती जोरात असते, ती ही अंडी आणि पिल्लं आत खाडीत लोटते.

मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालू शकते. त्यांतली वयात येणारी फार थोडी.

अंड्यातून पिल्लू निघाल्यावर काय होतं?

पाणी २८ ते ३० अंश असलं तर १२ ते १८ तासांत पिल्लू बाहेर येतं. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. पहिले दोन दिवस ते पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतं, मग तोंड उघडतं आणि डोळ्यांना न दिसणारे पाण्यातले जीव खायला लागतं. इथे खाद्य मिळालं नाही तर पुढे काही नाही. प्रजननकेंद्रांतही सर्वांत जास्त मर याच दिवसांत होते.

दोन-तीन आठवड्यांत पिल्लू सेंटिमीटरभराचं होतं आणि माशासारखं दिसू लागतं. अंग काळपट तपकिरी, त्यावर पांढुरके डाग, आणि तोंडापासून कपाळावरून पाठीकडे जाणारी एक फिकट रेघ. ही रेघ चांगली ओळखून ठेवा, शेवटच्या प्रश्नात तिचं काम आहे.

याच वयात ती एकमेकांना खायला लागतात. जिताड्याचं पिल्लू स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंड गिळू शकतं. त्यामुळे प्रजननकेंद्रात दर काही दिवसांनी लहान-मोठी पिल्लं वेगळी करावी लागतात. तळ्यात सोडताना सारख्या आकाराची सोडा, असं जाणते सांगतात ते यासाठीच.

पिल्लं कुठे वाढतात? कांदळवनाचा आणि जिताड्याचा खरंच संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट आहे.

भरतीबरोबर आत आलेली पिल्लं उथळ पाणी शोधतात. तिवरांच्या मुळांमधली डबकी, खाजणातले चर, उधाणाला भरणाऱ्या दलदली, पावसाने तुंबलेली खारजमीन. तिथे पाणी कोमट असतं, मोठे मासे पोहोचत नाहीत आणि बारीक कोळंबी, करंदी, किडे, मच्छरांच्या अळ्या, इतर माशांची पिल्लं असं खाद्य दाटीने असतं. काही महिने तिथे काढून ओंजळीएवढी झाली की ती खाडीत उतरतात आणि तिथून वर नदीकडे सरकतात. अशी दलदल पाऊस संपल्यावर आटते, म्हणून बाहेर पडायची वाट वेळेवर मिळाली नाही तर पिल्लं तिथेच अडकून मरतात.

आता खारेपाटाचं चित्र डोळ्यासमोर आणा. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बाहेरकाठे, म्हणजे खाडीच्या बाजूचे बांध, घातलेले आहेत आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्यांत उघाड्या, म्हणजे झडपांची दारं, ठेवलेल्या आहेत. गोव्यात खाजन शेतीला अशाच मानशी असतात. या बांधांनी भात दिलं आणि माणसं जगवली. पण उघाडी कशी चालवली जाते यावर जिताड्याच्या पिल्लांचं भवितव्य ठरतं. झडपा नीट उघडझाप करत असतील, भरतीचं थोडं पाणी आत येत असेल आणि ओहोटीला बाहेर जात असेल, तर आतल्या खाचरांत आणि चरांत पिल्लं वाढतात आणि परत जातात. झडप कायमची बंद पडली किंवा उघाडीच्या तोंडावर मच्छरदाणीसारखं जाळं बारमाही लावलं, तर ती वाट तुटली.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं तोडण्याविरुद्ध सविस्तर निकाल दिला, आणि राज्याच्या वन विभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. हे चांगलंच झालं. पण झाडं उभी ठेवून त्यांच्याकडे जाणारं पाणी भराव टाकून बंद केलं तर माशाला त्या झाडांचा काही उपयोग नाही. भरतीचं पाणी मुळांपर्यंत येतं की नाही, हे बघायला हवं.

जिताडा आधी नर असतो आणि मग मादी होतो, हे खरं?

खरं आहे. बहुतेक जिताडे वयात येतात ते नर म्हणून, साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षी. काही हंगाम नर म्हणून काढल्यावर, साधारण सहा ते आठ वर्षांचे झाल्यावर त्यांच्या शरीरातलं शुक्र तयार करणारं अंग अंडाशयात बदलतं आणि पुढचं आयुष्य ते मादी म्हणून जगतात. ऑस्ट्रेलियात हा बदल बहुधा ८० सेंटिमीटर ते एक मीटर लांबीच्या दरम्यान होतो. आपल्याकडच्या प्रजननकेंद्रांत दोन-तीन किलोचे मासे नर म्हणून आणि चार किलोच्या पुढचे मादी म्हणून वापरतात. थोडे मासे नर न होता थेट मादी होतात, पण ते अपवाद.

का होतं असं? शुक्र तयार करायला मोठं शरीर लागत नाही, अंडी धरायला लागतं. लहानपणी नर आणि मोठेपणी मादी असण्यात माशाची जास्त पिल्लं मागे राहतात.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. खाडीतले मोठे जिताडे जवळपास सगळ्या माद्या असतात. फक्त मोठेच मासे काढत राहिलं तर खाडीत नर उरतात आणि अंडी घालणारं कोणी राहत नाही. फक्त लहानच काढत राहिलं तर मादी होण्याएवढं कोणी जगतच नाही. दोन्ही बाजूंनी घाव बसतो. फार थोड्या माशांच्या बाबतीत आकाराचा प्रश्न इतका नाजूक आहे.

किती मोठा होतो, किती जगतो?

नोंदींत दोन मीटर आणि ६० किलोपर्यंतचे आकडे आहेत, पण एवढा मासा विरळाच. गळाने पकडलेला जागतिक विक्रमाचा मासा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातल्या मोंडुरन धरणातला आहे, २०१० चा, ४४ किलोंहून जास्त वजनाचा. आपल्या खाड्यांमध्ये आज एक ते चार-पाच किलोचा मासा चांगला मानतात. आयुष्य ३० वर्षांच्या पुढे जाऊ शकतं.

वाढ पहिल्या काही वर्षांत झपाट्याने होते. पाणी उबदार आणि खाद्य भरपूर असेल तर तळ्यात वर्षभरात किलोच्या आसपास जातो. पाण्याचं तापमान २० अंशांच्या खाली गेलं की खाणं मंदावतं.

खातो काय?

जे हलतं आणि तोंडात मावतं ते. लहान असताना कोळंबी आणि किडे जास्त, मोठा झाला की मासे जास्त. बोईट, शिंगटी, निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, काहीही.

तो पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. पुलाच्या खांबाआड, पडलेल्या खोडाजवळ, चराच्या तोंडाशी, तिवराच्या सावलीत थांबतो. शिकार जवळ आली की तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढतो. पृष्ठभागावर हे झालं तर ‘ढप्प’ असा मोठा आवाज येतो. रात्री खाडीकाठी बसणाऱ्यांना तो आवाज ओळखीचा असतो.

गावतळ्यात सोडलेला जिताडा चांगला वाढतो. मग तिथे पिल्लं का देत नाही?

रायगडच्या खारेपाटात ही जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीतून, उघाडीवरून पिल्लं आणायची आणि गावच्या किंवा घरामागच्या तळ्यात सोडायची. अलिबाग तालुक्यातलं शहापूर-धेरंड त्यासाठी ओळखलं जातं. लग्नकार्य, पाहुणा, जावई आला की तळ्यातला जिताडा काढायचा. आगरी घरात त्याच्या डोक्याचं कालवण मानाच्या माणसाला वाढतात.

तळ्यात तो वाढतो, कारण गोड्या पाण्यात वाढणं हा त्याच्या आयुष्याचा भागच आहे. पण अंडी तयार होऊन बाहेर पडायला त्याला खारं पाणी, भरती-ओहोटी आणि चंद्राच्या तिथींचा ताल लागतो. शिवाय गोड्या पाण्यात अंडी तरंगत नाहीत, तळाला बसून मरतात. म्हणून तळ्यातला जिताडा कितीही वर्षं राहिला तरी त्याचं कुटुंब वाढत नाही. मोंडुरन धरणातला तो विक्रमी मासाही माणसाने सोडलेल्या पिल्लांतलाच.

मग तळ्यासाठी बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, कुठून आणावं? खाडीतून धरून आणलं तर चालेल?

पूर्वी दुसरा उपाय नव्हता. आता आहे. चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यशेती संस्थेने, म्हणजे सिबाने, १९९७ मध्ये भारतात पहिल्यांदा बंदिस्त अवस्थेत जिताड्याचं प्रजनन यशस्वी केलं. तमिळनाडूत राजीव गांधी सेंटर फॉर अ‍ॅक्वाकल्चरही बीज तयार करतं. महाराष्ट्रातही खाडीत पिंजरे लावून जिताडा वाढवण्याचे प्रकल्प कांदळवनांच्या काठच्या गावांत झाले आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. व्यवसायासाठी तळं किंवा पिंजरा करणार असाल तर प्रजननकेंद्राचंच बीज घ्या. एकसारख्या आकाराचं मिळतं, तयार खाद्याला सरावलेलं असतं, आणि खाडीतली पिल्लं खाडीत राहतात. लांबून येताना पिशवीत मर होते हे खरं, पण खाडीतून बारीक जाळ्याने धरतानाही मर होतेच, शिवाय त्या जाळ्यात इतर माशांची आणि कोळंबीची पिल्लं किती जातात ते कोणी मोजत नाही.

आणि एक. तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली आधीच असतील तर जिताडा सोडण्याआधी विचार करा. तो त्यांच्यावरच जगेल. तिलापिया माजलेल्या तळ्यात मात्र जिताडा उपयोगी पडतो, तिलापियाची बारीक पिल्लं खाऊन टाकतो.

गळाला कधी आणि कुठे लागतो?

त्याच्या राहणीतूनच उत्तर काढा. तो आडोशाला थांबतो आणि पाण्याने आणून दिलेलं खातो. म्हणून पाणी हलतं हवं. ओहोटीचा शेवटचा टप्पा आणि भरतीची सुरुवात या वेळा चांगल्या, विशेषतः तिवरांतून निघणाऱ्या चराच्या तोंडाशी, कारण ओहोटीला सगळी कोळंबी आणि बोइटाची पिल्लं त्याच वाटेने बाहेर येतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी मंद आणि थोडं स्वच्छ असतं, उधाणात गढूळ आणि वेगाचं. नकली आमिषाने मारणारे भांग पसंत करतात, जिवंत कोळंबी लावणाऱ्यांना उधाणही चालतं. पहाट, संध्याकाळ आणि रात्र दुपारपेक्षा बऱ्या.

खाडीच्या चिखलात उतरताना भरतीची वेळ पाहूनच उतरा आणि एकटे जाऊ नका. उधाणाचं पाणी मागच्या चरातून आधी भरतं आणि परतीची वाट बंद होते.

लागल्यावर दोरी का तुटते?

तीन कारणं. पहिलं, तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, त्या वेळी दोरी ताणलेली असेल तर गळ निसटतो किंवा दोरी तुटते. दुसरं, गालफडाची धार. तिसरं, लागल्या क्षणी तो खांबाकडे किंवा मुळांकडे धावतो. म्हणून गळाच्या वर हात-दीड हात जाड नायलॉन बांधतात, आणि पहिल्या झटक्यातच त्याचं तोंड आडोशापासून वळवावं लागतं. जबड्यात मोठे सुळे नसतात, खरखरीत बारीक दात असतात, तरी वारंवार घासून बारीक दोरी झिजतेच.

पकडलेला ठेवायचा की सोडायचा?

खाण्यासाठी मध्यम आकाराचा एक घ्या. अगदी लहान सोडा, कारण त्याने अजून एकदाही प्रजनन केलेलं नाही. आणि खूप मोठा सोडा, कारण ती मादी आहे. मोठ्या मादीसोबत फोटो काढायचा मोह मी समजू शकतो, पण फोटो काढूनही ती पाण्यात परत जाऊ शकते. तिच्यासारख्या दहा माद्या एका खाडीत असणं आणि नसणं यात त्या खाडीच्या पुढच्या पाच वर्षांचा फरक आहे. चवीनेही पाहिलं तर दोन किलोचा जिताडा दहा किलोच्यापेक्षा सरसच लागतो.

सोडायचा असेल तर शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा. कोरड्या कापडाने धरू नका, हात ओले करा. मोठ्या माशाला जबड्याने उभा लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, दोरी जवळून कापा. आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपूट मारेपर्यंत धरून ठेवा.

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचा जिताड्याला फायदा होतो का?

पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते आणि ती यांत्रिक नौकांना लागू असते. पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते. मुखाबाहेर अंडी घालायला आलेल्या जिताड्यांना तिचा काही आधार नक्की मिळतो. पण खाडीच्या आत, उघाडीवर आणि चरांत पिल्लं असतात तिथे ही बंदी पोहोचत नाही. तिथे गावानेच ठरवावं लागतं. पावसाळ्याचे दोन-तीन महिने उघाडीच्या तोंडावरचं बारीक जाळं काढायचं, एवढं गावकीत ठरलं तरी खूप होईल.

ऑस्ट्रेलियात बारामुंडी टिकून आहे, तिथे काय करतात?

क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही. म्हणजे कोवळे नर आणि मोठ्या माद्या दोन्ही कायद्याने सुटतात. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी प्रजननाच्या हंगामात पकडायला बंदी असते. पिल्लं सोडलेल्या काही धरणांना ही बंदी लागू नाही, कारण तिथे मासा प्रजनन करतच नाही. नियमाच्या मागे माशाचं जीवनचक्र आहे, हे मला सर्वांत आवडतं.

तिकडच्या फिट्झरॉय नदीवरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या वर्षी नदीला भरपूर पाणी आलं, त्या वर्षी जन्मलेले बारामुंडी पुढे जास्त संख्येने सापडले. पूर म्हणजे पिल्लांना वाढायला जागा. नदीचं पाणी वर अडवून समुद्राला काहीच पोहोचू दिलं नाही, तर त्याची किंमत काही वर्षांनी खाडीतल्या जाळ्यांत दिसते. ‘समुद्रात वाया जाणारं पाणी’ असं आपण म्हणतो, तेव्हा याचा विचार व्हावा. कोकणातल्या छोट्या नद्यांवर जागोजाग बंधारे आहेत, आणि त्यांत मासे वर चढण्यासाठी वाट ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही.

व्हिक्टोरिया सरोवर उद्ध्वस्त करणारा मासा हाच का?

नाही, तो याचा आफ्रिकन चुलतभाऊ, नाईल पर्च. १९५० च्या दशकात तो पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सोडला गेला आणि तिथल्या शेकडो स्थानिक जातींच्या माशांवर संकट आलं. नाईल पर्च गोड्या पाण्यात प्रजनन करतो, जिताडा करत नाही. त्यामुळे जिताडा तळ्यात सोडला तर तो त्या तळ्यातले मासे खाईल, पण स्वतःची संख्या वाढवणार नाही. आपल्या खाड्यांत तर तो मूळचाच आहे.

खाडीत जिताडा कमी का झाला?

एकच कारण सांगणारा माणूस सहसा अर्धंच सांगतो. कांदळवनांवरचे भराव, खाडीत येणारं कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी, वाळूउपसा, नदीवरचे बंधारे, बारीक आसाची जाळी, मोठ्या माद्यांना मिळणारा मोठा भाव, हे सगळं एकाच माशाच्या वाटेवर ठिकठिकाणी उभं आहे. इतर एखादा मासा यातल्या एका जागी राहतो, म्हणून त्याला एकच त्रास. जिताड्याला आयुष्यात या सगळ्या जागांवरून जावं लागतं.

पावसाळ्यात उघाडीजवळच्या डबक्यात कपाळावर फिकट रेघ असलेली बोटाएवढी पिल्लं दिसली. काय करू?

ती जिताड्याचीच असण्याची शक्यता मोठी आहे. डबक्याला खाडीशी जोडणारा चर वाहता असेल तर काही करू नका, ती आपली आपण जातील. चर गाळाने बुजला असेल तर फावड्याने तेवढा मोकळा करा, पुढच्या उधाणाला पाणी आत-बाहेर होईल. डबकं आटतच आलं असेल आणि वाट करणं शक्य नसेल, तर बादलीत त्याच डबक्याचं पाणी घ्या, पिल्लं हलक्या जाळीने उचला, एका बादलीत फार भरू नका आणि ऊन चढण्याआधी जवळच्या खाडीत, तिवरांच्या मुळांपाशी उथळ पाण्यात सोडा. सोडण्याआधी खाडीचं पाणी थोडं थोडं बादलीत घाला, म्हणजे खारटपणा एकदम बदलणार नाही.